काही नाही हो, सोपं आहे!

आमच्या शाखेतल्या धाकट्या साहेबांनी सत्तर हजार रुपयांची सायकल घेतली, त्या दिवशी दुपारी दोन ते अडीच शाखेत काही काम झालं नाही. एरवीही त्या वेळात होत नाही, कारण तेव्हा आम्ही जेवत असतो. पण त्या दिवशी आम्ही जेवलोही नाही. सगळा स्टाफ खाली पार्किंगमध्ये ती सायकल बघायला गेला होता.

सायकलीला मडगार्ड नव्हतं. कॅरिअर नव्हतं, स्टँड नव्हता, चेनकव्हर नव्हतं, घंटी नव्हती. आमच्या लहानपणी या अवस्थेतली सायकल पोलीस चौकीच्या मागच्या अंगणात पडलेली असायची. आमच्या हेड कॅशियरांनी तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, टायर दाबून बघितला आणि म्हणाले, "साहेब, बाकीचं सामान कधी येणार?"

"बाकीचं काही नसतंच. ही माउंटन बाइक आहे. डोंगरावर चालवायची."

"पण डोंगरावर आपलं काय असतं?" कॅशियरांनी विचारलं. हा प्रश्न मला तेव्हा फार मूलभूत वाटला होता. अजूनही वाटतो.

धाकट्या साहेबांचं वय सव्वीस, माझं सेहेचाळीस. ते ऑफिसर, मी क्लार्क. त्यामुळे बँकेत मी त्यांना 'सर' म्हणतो आणि सुट्टीच्या दिवशी ते मला 'काका' म्हणतात. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी टॅली होतो. नव्या सायकलीमुळे त्यांची जुनी सायकल रिकामी झाली आणि ती त्यांनी नऊ हजारांत मला दिली. बी.कॉम. झालेल्या माणसाला सत्तर हजारांच्या वस्तूपेक्षा तिच्यामुळे रिकामी झालेली नऊ हजारांची वस्तू जास्त मोहात पाडते. घरी सांगितल्यावर आमच्या सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, "मुलीला सायकल घ्यायची म्हणत होतात ना? घेतलीत तर स्वतःला!" आणि गुडघ्याचं तेल कपाटात मागे होतं ते पुढे काढून ठेवलं.

अशा रीतीने दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, म्हणजे बँकेला सुट्टी असते त्या दिवशी, पहाटे साडेपाचला मी टेकड्या चढू लागलो.

पुण्याला टेकड्यांची वाण नाही. पाषाणची आहे, वेताळ आहे, तळजाई आहे. थोडं लांब गेलं की बोपदेव घाट, आणि कात्रजपासून सिंहगडापर्यंत पसरलेली डोंगररांग, जी लोक रात्रभर चालत पार करतात आणि पुढे आठवडाभर त्याबद्दल बोलतात. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की यांपैकी कुठली वाट माझ्यासारख्याला झेपेल. म्हणून मी चार अनुभवी सायकलवाल्यांना विचारलं. पाषाणबद्दल ते म्हणाले, "काही नाही हो, सोपं आहे." वेताळबद्दल म्हणाले, "काही नाही हो." सिंहगडाच्या पायवाटेबद्दल म्हणाले, "तसं काही नाही, पण पाणी जास्त घ्या." वाटांची प्रतवारी करायची पुण्यात ही एवढीच पद्धत होती.

पाषाणची टेकडी खरोखरच सोपी निघाली. चढताना दम लागला. पण वर गेल्यावर मातीची रुंद, बरीचशी सपाट वाट आहे. एका बाजूला तलाव दिसतो. चालायला आलेली मंडळी असतात आणि त्यांच्या गप्पांवरून कुणाचा फ्लॅट कितीला गेला ते कळतं. दोन शनिवार मी तिथं असा काही फिरलो, की मला वाटलं, हा खेळ आपल्यासाठीच निघाला आहे.

तिसऱ्या खेपेला साहेब मला वेताळ टेकडीवर घेऊन गेले. ही शहराच्या हद्दीतली सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर. वर वेताळाचं देऊळ आहे, जुनी खाण आहे, ग्लिरिसिडियाची राखाडी झाडं आहेत, मोर ओरडतात. इथपर्यंत सगळं छान होतं. मग आम्ही पलीकडच्या उतारावर आलो. उन्हाळा होता. काळ्या खडकावर मुरमाचा सुटा थर पसरलेला, त्याच्यात नारळाएवढे गोटे, आणि मध्येच खडकाची एक पायरी. त्याच्या खाली काय आहे ते दिसत नव्हतं, गोखलेनगर असावं.

"काका, काही नाही हो, सोपं आहे. सीट खाली घ्या, पेडलवर उभे राहा, वजन मागे. दगडाकडे बघू नका, जिकडे जायचंय तिकडे बघा. जिकडे बघाल तिकडे सायकल जाते." एवढं बोलून साहेब निघून गेले. खालून फक्त गोट्यांचा आवाज आला.

जिकडे बघाल तिकडे सायकल जाते, हे शास्त्र खरं आहे. मी त्या पायरीकडे बघत राहिलो आणि सायकल त्या पायरीपाशी उभी राहिली. पाच मिनिटांनी मी उतरलो आणि सायकल हातात धरून चालू लागलो. समोरून काठी टेकत एक आजोबा चढत येत होते. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"बिघडली का सायकल?"

"नाही."

"मग माणूस बिघडला असेल," असं म्हणून ते पुढे गेले. पंचवीस-तीस पावलांवरून परत वळून म्हणाले, "आणि घंटी बसवून घ्या!"

खाली साहेब घड्याळ बघत उभे होते. "काय झालं काका? सोपं होतं की!" त्यात कुचेष्टा नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. त्यांना खरंच कळलं नव्हतं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "चेन जरा सटकत होती."

सेहेचाळीस वर्षांच्या, दोन बहिणींची लग्नं पार पाडलेल्या, तीन शाखाधिकारी आणि एक कोअर बँकिंग पचवलेल्या माणसाने 'मला भीती वाटली' असं म्हणण्याऐवजी एका निरपराध चेनवर आळ का घ्यावा? घरी येऊन गुडघ्याला तेल चोळताना मी यावर पुष्कळ विचार केला. उतार अवघड आहे असं कुणी सांगितलं असतं तर मी खुशाल घाबरलो असतो. पण तो सोपा आहे असं ठरलं होतं. सोप्या गोष्टीला घाबरणारा माणूस काय म्हणून घाबरणार?

मग मी या विषयाचं वाचन केलं. (कामाच्या वेळेत नव्हे. म्हणजे फारसं नव्हे.) तेव्हा कळलं, की जगात ही प्रतवारी तोंडी करत नाहीत. १९८८ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन नावाची एक संस्था आहे. तिने बर्फावर घसरणाऱ्यांच्या उतारांवरच्या खुणा उसन्या घेतल्या: सोप्या वाटेला हिरवं वर्तुळ, मधल्या वाटेला निळा चौकोन, अवघडला काळा हिरा आणि त्याहून अवघडला दोन काळे हिरे. आणि हे सगळं फूटपट्टी घेऊन. हिरवी वाट निदान छत्तीस इंच रुंद, सरासरी उतार शंभराला पाचाच्या आत आणि चुकवता येणार नाही असा अडथळा दोन इंचांपेक्षा उंच नाही. निळ्या वाटेची रुंदी चोवीस इंचांवर येते, उतार शंभराला दहापर्यंत जातो, दगड आठ इंचांपर्यंत. काळ्या हिऱ्याला बारा इंचांची वाट आणि पंधरा इंचांचा दगड. पंधरा इंच म्हणजे आमच्या काउंटरखालचं स्टूल.

मी हरखून गेलो. हे तर थेट आमच्या कर्जखात्यासारखं होतं! कर्जदारसुद्धा 'काही नाही हो, पुढच्या महिन्यात भरतो' असंच म्हणतो. बँक त्याच्या म्हणण्याकडे बघत नाही, नव्वद दिवस मोजते. मग स्टँडर्ड, सब-स्टँडर्ड, डाउटफुल, लॉस. कुणाचा अपमान नाही, कुणाची खुशामत नाही. त्या सायकलवाल्यांनी तर दम लागणं हिशेबातच धरलेलं नाही. वाटेवर तंत्र किती लागतं तेवढंच मोजायचं. तुमची छाती किती धडधडते हा तुमचा खासगी प्रश्न. एक पळवाट मात्र त्यांनीही ठेवली आहे: वाटेची तुलना आसपासच्या इतर वाटांशी करावी. म्हणजे एका गावचं निळं ते दुसऱ्या गावचं हिरवं असू शकतं. तरी खुणेच्या पाटीवर कुठंही 'सोपं आहे' असा धीर दिलेला नसतो. दगड आठ इंचांचा आहे, एवढं सांगून पाटी गप्प बसते. पुढचं तुम्ही आणि तुमची सायकल.

ज्या लोकांनी हा खेळ काढला त्यांच्यापाशी अर्थात पाटीबिटी काही नव्हती. १९७६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत काही टोळभैरव जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून शर्यती लावायचे. पेडल उलटं फिरवल्यावर लागणारा तो एकच मागचा ब्रेक. खाली पोचेपर्यंत तो इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर खेपेला नव्याने ग्रीस भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराचं नाव 'रिपॅक' पडलं. पुढे १९९६ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. माझी खात्री आहे, की त्या डोंगरावरही पहिल्या दिवशी कुणीतरी वरून खाली बघत उभा असणार आणि दुसरा कुणीतरी 'काही नाही रे' म्हणून पुढे गेला असणार. इतिहासात पुढे गेलेल्याचंच नाव राहतं.

असो. सहा महिने गेले. दोन वेळा कोपर सोललं, एकदा पँट फाटली. पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकावर मी बसलेल्या स्थितीतच वीस फूट खाली गेलो. सायकल मागाहून आली. (पावसाळ्यात ओल्या मातीवर चाकं घालूच नयेत, हे मला नंतर समजलं. वाटेला चरे पडतात आणि पाणी त्यातून वाट काढतं.) चालणारी माणसं समोर आली की आपण थांबायचं, चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हे शिकलो. घंटीही बसवली. आणि थंडीतल्या एका सकाळी तो उतार मी सायकलवर बसून, म्हणजे उभा राहून, एका दमात उतरलो. खाली कुणीही बघायला नव्हतं. माणसाच्या आयुष्यातले पराक्रम नेहमी साक्षीदार नसतानाच का होतात?

साक्षीदार हवा म्हणून मी पुढच्या खेपेला मुलीला घेऊन गेलो.

ती नववीत होती. सायकल चांगली चालवते. साहेबांकडून तिच्यासाठी एक सायकल आणली, हेल्मेट आणलं. टेकडीवर आम्ही मोर बघितले, खाणीतलं पाणी बघितलं, मग त्या उतारापाशी आलो. ती थांबली. खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "काही नाही गं, सोपं आहे."

आणि मी पुढे निघून गेलो. खाली उभा राहून घड्याळसुद्धा बघितलं.

पायरीच्या अलीकडे तिने पुढचा ब्रेक करकचून दाबला. सुट्या मुरमावर पुढचं चाक घसरलं. मला फक्त गोट्यांचा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच आवाज आला नाही.

डाव्या मनगटाला बारीक तडा होता. तीन आठवडे प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, या वयात लवकर जुळतं, काळजीचं कारण नाही. एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसलो असताना मी तिला विचारलं, "घाबरली होतीस तर सांगायचं नाही का?"

ती म्हणाली, "तू सोपं आहे म्हणालास ना, बाबा. मग घाबरले कसं सांगणार?"

यावर माझ्याजवळ चेनची सबबसुद्धा नव्हती.

मी खोटं बोललो होतो का? बाकावर बसल्या बसल्या मी स्वतःची बाजू मांडून बघितली. मला तो उतार सोपा वाटत होता. मी वाटलं ते बोललो. यात असत्य कुठं आहे? साहेबही असत्य बोलले नव्हते. शिकलेल्या माणसाला आपण कधीकाळी शिकलेलो नव्हतो हे आठवत नाही. आठवलं तरी त्याचा एव्हाना विनोद झालेला असतो, तो चारचौघांत सांगायला उपयोगी पडतो. माझं कोपर, माझी पँट, माझे वीस फूट यांचा सहा महिन्यांत विनोद झाला होता. तिथं उभं राहून पाच मिनिटं त्या पायरीकडे बघणारा माणूस मी कधीच राइट-ऑफ करून टाकला होता.

आणि असंही वाटलं, की 'सोपं आहे' असं खोटं कुणी बोललंच नसतं तर जगात कोण काय शिकलं असतं? माझ्या वडिलांनी मला सायकल शिकवली ती बावीस इंची, मधल्या दांडीची. पाय पोचत नसत. वडील मागून सीट धरून पळायचे आणि ओरडायचे, "धरलंय हं मी! धरलंय!" एके दिवशी मी वळून बघितलं तर त्यांनी हात सोडलेला होता आणि तरीही तोंडाने 'धरलंय, धरलंय' चाललेलं होतं. ते चक्क खोटं होतं. माझ्या 'सोपं आहे'पेक्षा शंभर टक्के खोटं. त्या खोट्यावर मी सायकल शिकलो, आणि त्याबद्दल त्यांचा मला कधी राग आला नाही. मग माझं खरं बोलणं वाईट आणि त्यांचं खोटं चांगलं, हा कुठला ताळेबंद?

बाकावर मला ते दृश्य पुन्हा दिसलं. वळून बघितलं तेव्हाचं. वडिलांचा हात सुटलेला होता, पण ते पळत होते. धोतराचा सोगा एका हातात धरून, माझ्या मागे दोन हातांवर, धापा टाकत. पडलो असतो तर त्यांच्या अंगावर पडलो असतो.

मी मात्र खाली जाऊन उभा होतो.

प्लास्टर निघाल्यावर महिन्याभराने मुलगीच म्हणाली, "परत जाऊ या." सौभाग्यवतींनी माझ्याकडे असं काही बघितलं, की लॉस असेट म्हणजे काय ते मला नव्याने कळलं. या वेळी मी दप्तरातली फूटपट्टी बरोबर घेतली. टेकडीवर चालायला आलेल्या लोकांनी एक मध्यमवयीन गृहस्थ गुडघे टेकून दगड मोजताना बघितला आणि दोघं-तिघं आपल्या कुत्र्यांना घेऊन लांबून गेले. पायरी साडेनऊ इंच भरली. "निळ्यापेक्षा जास्त, काळ्यापेक्षा कमी," मी अहवाल दिला. "मी बारा वेळा उतरलोय, त्यातल्या चार वेळा पडलोय. अजूनही पोटात गोळा येतो."

"मग आज मी चालत उतरते," ती म्हणाली. सायकल हातात धरून, अगदी मजेत, वाटेतल्या गोट्यांना लाथा मारत ती उतरली. मी तिच्या मागून माझी सायकल धरून उतरलो. खालून ते काठीवाले आजोबा येत होते.

"आज दोघांच्याही बिघडल्या?" त्यांनी विचारलं.

मी घंटी वाजवून दाखवली.

आता त्या नोव्हेंबरमध्ये बँकेत काय झालं ते सांगतो. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनर मंडळी आपण जिवंत असल्याचं सांगायला येतात आणि रांगेत उभं राहून त्यांना स्वतःलाच त्याची शंका येऊ लागते. माझ्या काउंटरवर एक निवृत्त शिक्षक आले. हातात नवा मोबाईल. "पुढच्या वर्षी मी मुलीकडे इंदूरला असेन. हे म्हणे मोबाईलवर होतं. कसं करायचं?"

माझ्या जिभेच्या टोकावर ते वाक्य आलं होतं. गेली कित्येक वर्षं एटीएमबद्दल, पासबुकाच्या मशीनबद्दल, मोबाईल बँकिंगबद्दल मी दिवसातून वीस वेळा तेच म्हणत आलो आहे. म्हटल्यावर म्हातारी माणसं मान डोलावून निघून जातात. ती पुढे कुठं जातात, त्यांच्या घरी नातू असतो की नाही, ते मी कधी विचारलेलं नाही. रांग मोठी असते.

मी म्हणालो, "दोन अॅप लागतात, सर. दोन वेळा ओटीपी येतो. शेवटी ते तोंडाचा फोटो काढतं आणि डोळे मिचकवायला सांगतं. तिथं माझ्या आईचं तीनदा अडलं होतं." आणि काउंटरला 'पुढील खिडकी' अशी पाटी लावून, पलीकडे जाऊन त्यांच्या शेजारी बाकावर बसलो. हेड कॅशियरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पुढील खिडकी त्यांचीच होती.

पंचवीस मिनिटं लागली. मोबाईलला मी हात लावला नाही, फक्त शेजारी बसलो. पहिला ओटीपी टाइप करेपर्यंत त्याची मुदत संपली. फोटोच्या वेळी गुरुजींनी चष्मा काढला, तर अक्षरं दिसेनात. घातला, तर चेहरा पटेना. मग डोळे मिचकवा म्हटल्यावर त्यांनी एकच डोळा मिचकावला, आणि तो नेमका समोर उभ्या असलेल्या बाईंनी बघितला. शेवटी पडद्यावर एकदाची हिरवी खूण उमटली.

गुरुजींनी मोबाईल खिशात ठेवला, छत्री उचलली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सोपं होतं की हो! उगाच घाबरवलंत."